‘काल मी फोन केला होता’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं?

‘आय हॅड कॉल्ड यू यस्टरडे.’ पुण्यामुंबईच्या ऑफिसांत हे वाक्य रोज ऐकू येतं आणि कुणालाच खटकत नाही. लंडनच्या किंवा शिकागोच्या माणसाला मात्र ते अर्धवट वाटतं. काल फोन केला होता, पण कशाच्या आधी? मेल यायच्या आधी? मीटिंग ठरायच्या आधी? तो पुढच्या वाक्याची वाट बघतो आणि ते वाक्य येत नाही. त्याच्या कानाला सरळ वाटतं ते ‘आय कॉल्ड यू यस्टरडे’.

ही चूक बहुतेक वेळा शाळेतला नियम पक्का लक्षात राहिल्यामुळे होते. वाक्यात ‘आहे’ आलं की हॅव किंवा हॅज, ‘होता’ आलं की हॅड, ‘असेल’ आलं की विल हॅव. परीक्षेतली वाक्यं याच नियमावरून बेतलेली असल्याने तिथे तो चालतो. बोलताना तो पावलोपावली फसतो, कारण मराठीतलं ‘होता’ आणि इंग्रजीतलं ‘हॅड’ यांच्याकडे वेगवेगळी कामं आहेत.

मराठीत ‘होता’ लावला की गोष्ट मागे पडली, आता आपण तिथे नाही, एवढं सांगून होतं. ‘गेल्या वर्षी आम्ही हंपीला गेलो होतो.’ ‘लहानपणी मला गोवर आला होता.’ ‘सकाळी मी दार उघडलं होतं’ (आता कुणीतरी लावलेलं दिसतंय). इंग्रजीत या तिन्ही वाक्यांना साधा भूतकाळ पुरतो: वेंट, हॅड, ओपन्ड. गोवराच्या वाक्यातलं ‘आय हॅड मीझल्स’ हे साधंच ‘हॅड’ आहे, पूर्ण काळातलं नव्हे.

इंग्रजीतले पूर्ण काळ दोन क्षणांवर उभे असतात. एक, घटना घडली तो. दुसरा, जिथे उभं राहून तुम्ही मागे बघताय तो. आत्ताच्या क्षणावरून मागे बघत असाल तर हॅव किंवा हॅज. भूतकाळातल्या एखाद्या क्षणावरून त्याच्याही मागे बघत असाल तर हॅड. पुढच्या एखाद्या क्षणावर जाऊन मागे बघत असाल तर विल हॅव. तिन्हींच्या पुढे क्रियापदाचं तिसरं रूप येतं: गॉन, सीन, रिटन, डन. मराठीत ‘मी आंबा खाल्ला आहे’ आणि ‘मी चिंच खाल्ली आहे’ असं रूप कर्माप्रमाणे बदलतं, तशी कटकट इंग्रजीत नाही. तिसरं रूप कायम तेच. बदलतं फक्त हॅव, तेही ही, शी, इट किंवा एकवचनी नाम कर्ता असला तरच, आणि तेव्हा ते हॅज होतं.

रचना एवढीच आहे. अडचण येते ती कुठला काळ कधी वापरायचा, यात.

आत्तावरून मागे बघताना

पूर्ण वर्तमानकाळाचा एक नियम घट्ट धरला तर निम्म्या चुका टळतात. संपलेली वेळ वाक्यात आली की हॅव येत नाही. यस्टरडे, लास्ट वीक, इन 2019, टू डेज अगो, व्हेन आय वॉज अ चाइल्ड, यांतलं काहीही आलं की साधा भूतकाळ. मराठीत ‘मी कालच आलोय’ हे अगदी स्वाभाविक आहे, म्हणून आपण ‘आय हॅव कम यस्टरडे’ म्हणून जातो. हवं असतं ‘आय केम यस्टरडे’. त्याच कारणाने ‘व्हेन’ने सुरू होणाऱ्या प्रश्नात साधारणपणे ‘डिड’ येतं: ‘व्हेन डिड यू अराइव्ह?’ ‘व्हेन हॅव यू अराइव्ह्ड?’ हा प्रश्न इंग्रज माणूस विचारणार नाही. वेळच विचारायची, तर घटना त्या वेळेला बांधली गेली आणि आत्ताशी तिचा धागा तुटला.

वेळ सांगायची नसेल, किंवा चालू असलेला काळ सांगायचा असेल (टुडे, धिस वीक, धिस इयर, सो फार), तेव्हा हॅव. ‘टुडे’ आणि ‘धिस मॉर्निंग’ जरा फसवे आहेत. सकाळी दहा वाजता ‘हॅव यू सीन द पेपर धिस मॉर्निंग?’ बरोबर, कारण सकाळ अजून चालू आहे. दुपारी चारला हाच प्रश्न ‘डिड यू सी द पेपर धिस मॉर्निंग?’ असा होतो. पेपर तोच, फक्त सकाळ संपली.

इंग्रजी बातम्यांत हा बदल दोन वाक्यांच्या अंतरात दिसतो. पहिल्या वाक्यात ताजी खबर आणि हॅज, दुसऱ्यात तपशील आणि साधा भूतकाळ. 16 मार्च 2012 ला मीरपूरला सचिन तेंडुलकरने बांगलादेशविरुद्ध आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधलं शंभरावं शतक काढलं. त्या संध्याकाळच्या बातमीसाठी स्वाभाविक सुरुवात ‘तेंडुलकर हॅज स्कोअर्ड हिज हंड्रेड्थ इंटरनॅशनल हंड्रेड’ अशी, आणि पुढे ‘ही रीच्ड द लँडमार्क इन मीरपूर’. आज तेच सांगताना ‘तेंडुलकर स्कोअर्ड अ हंड्रेड हंड्रेड्स’ म्हणणं सरळ वाटतं. 2013 मध्ये तो निवृत्त झाला, त्या आकड्यात आता भर पडणार नाही.

गप्पांतही हाच क्रम असतो. पहिला प्रश्न अनुभवाचा, म्हणून हॅव: ‘हॅव यू एव्हर बीन टू कोकण?’ उत्तर ‘येस, आय हॅव.’ त्यानंतर गाडी साध्या भूतकाळावर येते: ‘आय वेंट इन 2019.’ ‘हू डिड यू गो विथ?’ ‘डिड यू लाइक इट?’ एकदा विशिष्ट सहलीबद्दल बोलणं सुरू झालं की परत हॅवकडे यायचं कारण नाही. आपल्याकडे पहिल्या प्रश्नाचा हॅव पुढच्या पाच वाक्यांत ओढला जातो.

माणूस हयात नसेल तर त्याच्या आयुष्यातल्या घटनांनाही साधाच भूतकाळ लागतो. डॉ. आंबेडकर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. वर्ष न सांगताही ‘आंबेडकर स्टडीड ॲट कोलंबिया’ असंच म्हणायचं, ‘हॅज स्टडीड’ नाही. पण ‘आंबेडकर हॅज इन्स्पायर्ड जनरेशन्स ऑफ स्टुडंट्स’ चालतं, कारण ती प्रेरणा आजही काम करते आहे. लता मंगेशकर 6 फेब्रुवारी 2022 ला गेल्या. त्याआधी ‘शी हॅज संग इन मेनी लँग्वेजेस’ म्हणता येत होतं, त्यानंतर ‘शी संग’.

मराठीत साधा भूतकाळसुद्धा आत्ताशी धागा राखू शकतो, हे सहसा शाळेत कुणी सांगत नाही. ‘जेवलास का?’ ‘हो, जेवलो.’ यात ‘आहे’ कुठेच नाही, तरी विचारणाऱ्याला आत्ताची स्थिती हवी आहे, पोट भरलंय की ताट वाढू. ब्रिटिश इंग्रजीत इथे ‘हॅव यू ईटन?’ लागतं. ‘गाडी आली!’ ‘किल्ली सापडली का?’ ‘बापरे, दूध उतू गेलं!’ या सगळ्यांचं तसंच. म्हणजे ‘आहे’ शोधत बसलात तर हॅव कुठे हवा ते सापडणार नाही. ‘याचा आत्ता काय परिणाम?’ हे विचारा.

नकारात आणखी गोंधळ. ‘मी जेवलो नाही’ या एका मराठी वाक्यातून इंग्रजीत दोन वाटा फुटतात. ‘आय डिडन्ट ईट’ म्हणजे त्या वेळी जेवलो नाही, विषय संपला. ‘आय हॅवन्ट ईटन’ म्हणजे अजून जेवलो नाही, वाढलंत तर बसेन. यजमानासमोर हा फरक कामाचा आहे. मराठी वाक्यात ‘अजून’ बसत असेल तर हॅवन्ट किंवा हॅजन्ट, हा आडाखा बहुतेक वेळा खरा ठरतो. त्या ‘अजून’साठी ‘येट’ वाक्याच्या शेवटी येतं (‘ही हॅजन्ट पेड येट’). वैतागलेला असाल तर ‘स्टिल’ नकाराच्या आधी येतं (‘ही स्टिल हॅजन्ट पेड’). ‘ऑलरेडी’ आणि ‘जस्ट’ बसतात हॅव आणि तिसऱ्या रूपाच्या मध्ये: ‘आय हॅव ऑलरेडी पेड’, ‘शी हॅज जस्ट लेफ्ट’.

दहा वर्षांपासून

‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स.’ या एका वाक्यात दोन चुका आहेत, आणि दोन्ही मराठीतून थेट आल्या आहेत.

पहिली काळाची. ‘मी दहा वर्षांपासून पुण्यात राहतोय’ यात मराठीला चालू वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत मागे कधीतरी सुरू होऊन आत्तापर्यंत पोचलेल्या गोष्टीची लांबी मोजायची असेल तर हॅव हवाच: ‘आय हॅव लिव्ड’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग’. दुसरी चूक सिन्सची. मराठीचं ‘पासून’ दोन्हीकडे चालतं, 2015 पासून आणि दहा वर्षांपासून. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर सिन्स (सिन्स 2015, सिन्स मंडे, सिन्स आय गॉट मॅरीड), आणि लांबी सांगायची तर फॉर (फॉर टेन इयर्स, फॉर अ वीक, फॉर एजेस). सिन्सनंतर छोटं वाक्य आलं तर त्या छोट्या वाक्यात सहसा साधा भूतकाळ, मुख्य वाक्यात हॅव: ‘आय हॅव नोन हर सिन्स शी जॉइन्ड.’

काळ चुकला की नुसतं व्याकरण बिघडत नाही, माहितीच चुकीची जाते. मुलाखतीत ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ म्हणालात तर ऐकणारा धरून चालतो की तुम्ही ती नोकरी सोडली. अजून तिथेच असाल तर ‘आय हॅव वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ म्हणायला हवं. अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना दोन प्रश्न हमखास विचारले जातात आणि ते कानाला जुळ्यासारखे वाटतात. ‘हाउ लाँग आर यू हिअर फॉर?’ म्हणजे एकूण किती दिवसांसाठी आलात; विमानतळावर साधारणपणे हे विचारतात, उत्तर ‘फॉर थ्री मंथ्स’. ‘हाउ लाँग हॅव यू बीन हिअर?’ म्हणजे येऊन किती दिवस झाले. शेजारी हे विचारतो, उत्तर ‘फॉर टू वीक्स’. येऊन दोन आठवडे झालेल्या माणसाने ‘आय ॲम हिअर फॉर टू वीक्स’ म्हटलं तर शेजाऱ्याला वाटतं, एकूण मुक्कामच दोन आठवड्यांचा.

डॉक्टरकडेही तेच. ‘आय ॲम हॅविंग फीव्हर सिन्स थ्री डेज’ऐवजी ‘आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज’. इथलं ‘हॅव हॅड’ बघून लोक दचकतात. पहिलं हॅव मदतनीस, दुसरं हॅड हे ‘हॅव’ क्रियापदाचं तिसरं रूप. ‘आय हॅव हॅड लंच’ म्हणजे जेवण झालं. ‘ही हॅड हॅड अ फीव्हर बिफोर द ट्रिप’ हेसुद्धा शुद्ध इंग्रजी आहे, कानाला कितीही विचित्र लागलं तरी.

आता ‘हॅव लिव्ड’ की ‘हॅव बीन लिव्हिंग’? लिव्ह, वर्क, टीच, स्टडी अशा क्रियापदांना लांबी सांगताना फार फरक पडत नाही. इतर ठिकाणी पडतो. ‘आय हॅव रेड द बुक’ म्हणजे वाचून संपलं, ‘आय हॅव बीन रीडिंग द बुक’ म्हणजे वाचन चालू आहे. किती झालं हे मोजायचं तर पहिलं रूप (‘आय हॅव रिटन थ्री रिपोर्ट्स’), किती वेळ चाललंय हे सांगायचं तर दुसरं (‘आय हॅव बीन रायटिंग रिपोर्ट्स ऑल मॉर्निंग’). दुसऱ्या रूपाचा आणखी एक उपयोग आहे. काम नुकतंच थांबलंय पण त्याच्या खुणा दिसताहेत. हात पिठाने माखलेले बघून कुणी विचारलं तर ‘आय हॅव बीन मेकिंग चपातीज’.

काही क्रियापदं मात्र साधारणपणे आयएनजी घेतच नाहीत: नो, बिलीव्ह, ओन, बिलाँग आणि मालकी सांगणारं हॅव. ‘आय हॅव बीन नोइंग हिम’ नाही, ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’. तसंच ‘वी हॅव हॅड धिस कार सिन्स 2018’.

याच घराण्यातली एक चूक चांगलं इंग्रजी बोलणारेही करतात. ‘मी पहिल्यांदाच सुशी खातोय’ म्हणून ‘धिस इज द फर्स्ट टाइम आय ॲम ईटिंग सुशी’. इंग्रजी इथे आजवरच्या आयुष्याची मोजणी करतं, म्हणून हॅव: ‘धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव ईटन सुशी’. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा असलं तरी हेच. आणि ‘मी पाहिलेला सगळ्यांत वाईट सिनेमा’ म्हणताना ‘द वर्स्ट फिल्म आय हॅव एव्हर सीन’.

हॅडला खुंटी लागते

हॅड एकटा लटकू शकत नाही. त्याला भूतकाळातली दुसरी एक घटना लागते, खुंटीसारखी. त्या घटनेच्या आधी काय झालं होतं, ते हॅड सांगतो.

‘मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती.’ ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ इथे मराठी आणि इंग्रजी शब्दाला शब्द जुळतात. ‘होतं’ काढून बघा: ‘मी पोचलो तेव्हा गाडी सुटली’, ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट’. दोन्ही भाषांत अर्थ बदलला. पहिल्यात गाडी चुकली, दुसऱ्यात डोळ्यांसमोर सुटली. मराठी बोलणाऱ्याला हॅड कळत नाही असं नाही. फक्त जिथे खुंटी नाही तिथेही तो टांगला जातो.

वाक्यात ‘बिफोर’ किंवा ‘आफ्टर’ असेल तर क्रम त्या शब्दातच असतो, म्हणून हॅड नाही लावला तरी चालतो. ‘आफ्टर शी लेफ्ट, आय कॉल्ड हिम’ यात काही चूक नाही. लांबलचक हकिकत सांगताना पहिल्या एकदोन वाक्यांत हॅड लावून मागे जायचं आणि पुढे साध्या भूतकाळात सांगत सुटायचं, ही इंग्रजी लेखकांची नेहमीची रीत. पानभर हॅड हॅड वाचणं कुणालाच जमत नाही.

मेल पाठवण्याआधी एक तपासणी करता येते. मेलमध्ये ‘हॅड’ शोधा. ‘हॅड अ मीटिंग’ आणि ‘हॅड टू’ असे मालकीचे, सक्तीचे हॅड सोडून द्या. उरलेल्या प्रत्येकाला विचारा, कशाच्या आधी? उत्तर त्याच किंवा शेजारच्या वाक्यात लिहिलेलं असेल तर हॅड राहू द्या: ‘आय हॅड सेंट द फाइल बिफोर यू कॉल्ड’. उत्तर सापडत नसेल तर काढून टाका: ‘आय सेंट द फाइल ऑन मंडे’. काढताना घोटाळा होतो तो असा. सेंट, कॉल्ड, मेट यांची दुसरं आणि तिसरं रूप सारखी, तिथे नुसता हॅड खोडला की काम झालं. पण ‘हॅड रिटन’मधला हॅड खोडला तर ‘आय रिटन’ उरतं. तिथे दुसरं रूप आणावं लागतं: रोट, वेंट, स्पोक, केम, सॉ, डिड, बिगॅन.

एका ठिकाणी मराठीचं ‘होतं’ आणि हॅड पुन्हा छान जुळतात, ते फसलेल्या अपेक्षेत. ‘मला वाटलं होतं तू येशील’ याला ‘आय हॅड होप्ड यू वुड कम’. न आल्याची रुखरुख दोन्हीकडे आहे. ‘मी हे विचारायला फोन केला होता’ यातलं मराठी ‘होता’ मात्र सौम्यपणासाठी असतं. फोनवर तेच सौम्यपण इंग्रजीत ‘आय वॉन्टेड टू आस्क’ किंवा ‘आय वॉज वंडरिंग’ने येतं.

झालं नाही, झालं असतं तर, याही वाक्यांत हॅड लागतो. ‘कळलं असतं तर आलो असतो.’ ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.’ ‘इफ’च्या बाजूला हॅड आणि तिसरं रूप, दुसऱ्या बाजूला वुड हॅव आणि तिसरं रूप. मराठीत दोन्ही बाजूंना ‘असतं-असतो’ येत असल्यामुळे आपण ‘इफ आय वुड हॅव नोन’ म्हणतो. हे अमेरिकेतही बोलताना ऐकू येतं, पण लिहिताना टाळायचं. आणि ‘कम’चं तिसरं रूप ‘कम’च, ‘वुड हॅव केम’ नाही.

पोचला असेल

शाळेच्या नियमाप्रमाणे ‘तो पोचला असेल’ म्हणजे ‘ही विल हॅव रीच्ड’. चुकीचं नाही, पण मराठीतलं ‘असेल’ इथे अंदाज सांगतंय. रोजच्या इंग्रजीत अंदाजाला बहुधा ‘मस्ट हॅव’ येतं: ‘ही मस्ट हॅव गॉट देअर बाय नाउ.’ खात्री कमी असेल तर ‘माइट हॅव’, एव्हाना पोचायला हवा असं म्हणायचं तर ‘शुड हॅव’, आणि पोचणं शक्यच नसेल तर ‘कान्ट हॅव’. आपल्याकडे ऐकू येणारं ‘ही वुड हॅव रीच्ड’ बरेचदा चुकीच्या दिशेला नेतं. ऐकणारा ‘जर’ची वाट बघत बसतो: पोचला असता, पण काय झालं?

‘शुड हॅव’चा दुसरा अर्थ मागाहून आलेलं शहाणपण किंवा टोमणा. ‘यू शुड हॅव टोल्ड मी’, म्हणजे सांगायला हवं होतंस. इथेही मराठीतलं ‘होतं’ बघून ‘शुड हॅड’ लिहू नका. शुड, कुड, मस्ट, माइट यांच्या मागोमाग हॅवच येतं, कर्ता कुणीही असो. ‘ही शुड हॅज’ असंही नसतं. बोलताना हे हॅव इतकं चपटं होतं की ‘शुडव्ह’ ऐकून खुद्द इंग्लंड-अमेरिकेतली माणसंही ‘शुड ऑफ’ असं लिहितात. तेवढ्या बाबतीत आपण त्यांच्यापेक्षा बरे.

खऱ्याखुऱ्या भविष्यासाठी विल हॅव फारसं लागत नाही. ‘आय विल फिनिश इट बाय फ्रायडे’ने बहुतेक कामं निभतात. शुक्रवारी पाहाल तेव्हा काम उरकलेलं असेल, यावर जोर द्यायचा तरच ‘आय विल हॅव फिनिश्ड’. जास्त लक्ष द्यायचं ते ‘बाय’कडे. मराठीचं ‘शुक्रवारपर्यंत’ दोन अर्थांचं आहे. शुक्रवारच्या आत उरकेन, तर बाय फ्रायडे. शुक्रवारपर्यंत करतच राहीन, तर टिल फ्रायडे. ‘आय विल फिनिश टिल फ्रायडे’ला अर्थ लागत नाही.

गेलाय की जाऊन आलाय

‘ही हॅज गॉन टू नाशिक’: तो नाशिकला गेलाय, इथे नाही. ‘ही हॅज बीन टू नाशिक’: तो नाशिकला जाऊन आलाय. मराठीत ‘जाऊन आलोय’ असं वेगळं म्हणायची सोय आहेच, तिथे बीन. स्वतःबद्दल, समोर उभं राहून, ‘आय हॅव गॉन टू दुबई थ्री टाइम्स’ म्हणण्यापेक्षा ‘आय हॅव बीन टू दुबई थ्री टाइम्स’ म्हणावं.

बीनचं दुसरं काम कर्मणी वाक्यात. ‘युवर रिक्वेस्ट हॅज बीन रिसीव्ह्ड’, ‘द फ्लाइट हॅज बीन कॅन्सल्ड’. कुणी केलं हे महत्त्वाचं नाही, झालंय हे महत्त्वाचं. यातलं बीन गळालं की अनर्थ होतो: ‘द मॅनेजर हॅज बीन इन्फॉर्म्ड’ म्हणजे मॅनेजरला कळवलंय, ‘द मॅनेजर हॅज इन्फॉर्म्ड’ म्हणजे मॅनेजरने कळवलंय.

अमेरिकी इंग्रजीत या सगळ्यात थोडी ढिलाई आहे. जस्ट, ऑलरेडी, येट असताना अमेरिकन माणूस सर्रास साधा भूतकाळ वापरतो: ‘डिड यू ईट येट?’, ‘आय ऑलरेडी एट’. ब्रिटिश माणूस ‘हॅव यू ईटन येट?’ म्हणेल. गेटचं तिसरं रूप अमेरिकेत बहुधा गॉटन, ब्रिटनमध्ये गॉट. पण लांबी मोजताना दोघेही हॅवच वापरतात. ‘सिन्स टेन इयर्स’ला सूट अटलांटिकच्या कुठल्याच बाजूला नाही. ‘आय हॅव गॉट टू ब्रदर्स’ यात दिसायला पूर्ण काळ असला तरी अर्थ ‘मला दोन भाऊ आहेत’ इतकाच.

सगळं कळूनही ऐकताना हॅव निसटतो, कारण बोलताना तो पुरता उच्चारलाच जात नाही. ‘आय हॅव सीन’चं ‘आयव्ह सीन’ होतं आणि घाईत तो ‘व्ह’ही जेमतेम उरतो. तुम्ही स्वतः दर वेळी ‘आय हॅव’ असं ठासून म्हणालात तर समोरच्याला वाटतं, तुम्ही त्याचं म्हणणं खोडून काढताय. ‘हीज’ ऐकलं तर पुढचा शब्द बघा. आयएनजी असेल तर ‘इज’, बीन किंवा गॉट असेल तर ‘हॅज’. ‘इट्स ब्रोकन’सारख्या ठिकाणी दोन्ही बसतात, पण तिथे बहुतेक वेळा ‘इज’ असतं. ‘आयड’ ऐकलं आणि पुढे तिसरं रूप असेल तर हॅड (‘आयड सीन’), मूळ रूप असेल तर वुड (‘आयड सी’). ‘आयड बेटर गो’ यात मात्र हॅड आहे, आणि त्याचा भूतकाळाशी संबंध नाही: मी आता निघालेलं बरं. कम, कट, पुट, रन यांची मूळ आणि तिसरी रूपं सारखीच, त्यामुळे ‘दे’ड पुट द कीज ऑन द टेबल’ या सुट्या वाक्यावरून किल्ल्या ठेवल्या होत्या की ठेवायचे, हे कळत नाही. ते आजूबाजूच्या वाक्यांवरूनच ठरवावं लागतं.